फोर्ड टी-च्या पाठीवरचं सरकतं घर: १९१६ मध्ये होतं, मग मधे कुठे गेलं?

लांबचा_रस्ता
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात शिकागोहून पूर्वेकडे जाताना इंडियानामध्ये एल्कहार्टला मुद्दाम थांबलो. हे गाव म्हणजे अमेरिकेतल्या आरव्हींचं, म्हणजे चाकांवरच्या घरांचं माहेर. तिथे आरव्ही-एमएच हॉल ऑफ फेम नावाचं संग्रहालय आहे. बायकोला अर्धा तास म्हणून आत नेलं आणि साडेतीन तासांनी बाहेर पडलो, आणि शेवटी तीच मला ओढून एकेका गाडीपाशी नेत होती.

तिथे एक १९१५ ची फोर्ड मॉडेल टी आहे. पितळी रेडिएटर, लाकडी आऱ्यांची चाकं, पुढे लोंबणारं हँडल, सगळं नेहमीचं. पण ड्रायव्हरच्या पाठीमागे एक पेटी बसवलेली आहे आणि ती पेटी दुर्बिणीसारखी मागे सरकते! मागे ओढली की झोपायची जागा तयार, बाजूलाही ओढायचे कप्पे. नाव 'टेलिस्कोपिंग अपार्टमेंट'. सॅन फ्रान्सिस्कोच्या गुस्ताव्ह द ब्रेटव्हिल या माणसाने १९१६ च्या सुमारास काढलेली, किंमत १०० डॉलर.

मी पंधरा मिनिटं तिथेच उभा. कारण आजच्या मोठ्या आरव्हीत बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते आणि खोली मोठी होते, त्या स्लाइड-आउटला मी एकदम आधुनिक प्रकार समजत होतो. मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीत, ते न्यूमार कंपनीने आणलं १९९० ला, आणि ती कंपनीही एल्कहार्टच्या शेजारच्या नापानीचीच. मग १९१६ ते १९९० ही चौऱ्याहत्तर वर्षं ही कल्पना होती कुठे? इतकी चांगली गोष्ट लोकांनी टाकून का दिली? मला हे खरंच समजून घ्यायचंय. गाड्यांतले, लाकडातले, इतिहासातले सगळे इथे आहेत म्हणून धागा काढला.

मधली_सुट्टी
१०० डॉलर म्हणजे तेव्हा किती हो?

जुनं_पान
@मधली_सुट्टी, फोर्डने १९१४ मध्ये कामगारांना दिवसाला ५ डॉलर देऊ केले आणि जगभर गाजावाजा झाला. त्या हिशोबाने वीस दिवसांची मजुरी, आणि तीही त्या काळातल्या चांगल्या पगाराची. १९१५ मध्ये टी-चं टुरिंग मॉडेल ४४० डॉलरला होतं. म्हणजे गाडीच्या साधारण पाव किमतीत घर. महाग नाही म्हणता येणार.

आणि जागा बघा, सॅन फ्रान्सिस्को. १९१५ मध्ये तिथे पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं होतं, फेब्रुवारी ते डिसेंबर. फोर्डने तिथे चक्क चालू असेंब्ली लाइन मांडली होती, दुपारी तीन तास लोकांसमोर दर दहा मिनिटांना एक गाडी तयार व्हायची. ऑक्टोबरमध्ये हेन्री फोर्ड, संशोधक एडिसन, टायरवाले फायरस्टोन तिघंही तिथे येऊन गेले. आणि योसेमिटी या डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात मोटारींना प्रवेश मिळाला होता १९१३ ला. गाडी स्वस्त, डोंगर जवळ, आणि रस्त्यावर राहायला हॉटेल नाही. अशा गावात कुणाच्या तरी डोक्यात गाडीच्या मागे खण लावायचा विचार येणारच.

गिअरबदल
धागा वाचून काम बाजूला ठेवलं. मॉडेल टी माझा जुना जिव्हाळा आहे त्यामुळे थोडं लांबेल, माफ करा.

आधी गाडी समजून घ्या. वीस हॉर्सपॉवर. दोन एक्सलमधलं अंतर १०० इंच, म्हणजे अडीच मीटर. मागे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, आपल्या जीपसारखे दोन बाजूंना दोन नाहीत, एकच पाटा आडवा टाकलेला. ब्रेकचं पेडल दाबलं की ब्रेक चाकाला लागत नाही, गिअरबॉक्सच्या आतल्या पट्ट्याला लागतो. ॲक्सिलरेटर पायाला नाही, स्टिअरिंगखाली हाताने ओढायची दांडी. आणि पायाखाली तीन पेडल, त्यातलं मधलं रिव्हर्सचं!

आता गंमत बघा. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आणि पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरकडे उतरतं. टाकी अर्धी असली आणि चढ जोरदार लागला की टाकी कार्बोरेटरच्या खाली जाते आणि इंजिन बंद. म्हणून लोक घाट रिव्हर्सने चढायचे, रिव्हर्सची ताकदही जास्त. मग हे सरकतं घर घेऊन घाट चढणारा माणूस डोळ्यापुढे आणा, घर पुढे आणि गाडी मागे!

म्हणून माझं मत, वजनाने मारलं याला. पेट्रोल, पाटे, ब्रेक, काहीच एवढं ओझं वाहायला केलेलं नव्हतं.

घाटमाथा
@गिअरबदल, मला आधी उलाळचा प्रश्न पडला. आमच्याकडे बैलगाडीत माल मागे जास्त पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. दोन माणसं मागे सरकवलेल्या खणात झोपली तर ही फोर्ड नाक वर करून उभी राहील ना?

गिअरबदल
@घाटमाथा, झकास प्रश्न, कागदावर करून बघितलं. मोकळी टी बॉडीप्रमाणे साडेपाचशे ते सातशे किलो, मी ६०० धरतो, त्यातले पुढच्या चाकांवर २६०. पेटी समजा १५० किलो, तिचं वजन मागच्या एक्सलच्या एक फूट मागे. झोपलेली दोन माणसं १३० किलो, एक्सलपासून एक मीटर मागे. एवढ्याने पुढच्या चाकांवरचा भार साधारण ७० किलोने कमी होतो. १९० उरतात. म्हणजे उलाळ होत नाही, निवांत झोपा.

पण मागच्या एकट्या एक्सलवर येतात ६९० किलो. अख्ख्या मोकळ्या गाडीपेक्षा जास्त, त्या एका आडव्या पाट्यावर. आकडे मी धरलेले आहेत, पण थोडे इकडेतिकडे केले तरी उत्तर तेच. नाक उचलत नाही, कंबर बसते.

पाचफुटी
"नाक उचलत नाही, कंबर बसते" हे माझ्या ऑफिसच्या खुर्चीबद्दल पण लागू आहे 😀

चुलीवरचं
मला सांगा स्वयंपाक कुठे करायचा यात? तुम्ही सगळे एक्सल मोजताय.

लांबचा_रस्ता
@चुलीवरचं ताई, बाजूचे ओढायचे कप्पे त्याच कामाचे. म्हणजे बाई बाहेर उभी राहून कप्पा ओढणार आणि तिथे मांडामांड करणार. आत उभं राहून स्वयंपाक करायची सोय त्या आकारात होणंच शक्य नाही.

चुलीवरचं
म्हणजे पाऊस आला की उपास. बरं. पण कप्पा बाहेरून उघडणारा असणं मला आवडलं, आमच्याकडे जत्रेला गाडी जायची तेव्हा बैलगाडीच्या मागच्या बाजूलाच शिध्याची पेटी बांधायचे, मुक्कामाला गाडी सोडली की आजी आधी ती पेटी सोडायची, माणसं नंतर. मीठ-मिरचीचा डबा हाताला लागेल असा वर, पिठाचा डबा खाली. हे ज्याने केलं त्याच्या घरात कुणीतरी बाई विचारणारी होती असं मला वाटतं.

सुतारपक्षी
सांगलीला आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, वडिलांपासून. खणाबद्दल चाललंय म्हणून लिहितो.

खण ओढणं ही सोपी गोष्ट वाटते पण सगळा खेळ आत राहिलेल्या भागाचा असतो. खण जेवढा बाहेर काढाल तेवढा त्याचा पुढचा भाग खाली लोंबतो आणि मागचा भाग वर उठून चौकटीच्या वरच्या पट्टीला टेकतो. आत निदान एक तृतीयांश राहिला पाहिजे, नाहीतर खण तिरका होऊन अडकतो नाहीतर हातात येतो. आता त्या खणात दोन माणसं झोपणार! म्हणजे खाली पाय पाहिजेत, जमिनीला टेकणारे, आणि जमीन सपाट पाहिजे. रानात सपाट जमीन कुठे मिळते?

दुसरं म्हणजे लाकूड. पावसाळ्यात आपल्या सगळ्यांच्या घरी कपाटाचा एक तरी खण फुगून बसतो, दोन्ही हातांनी ओढला तर मूठ निघून येते. आम्ही कडेला मेणबत्ती नाहीतर साबणाची वडी घासून देतो. वर्कशॉपमधला खण एका जागी उभा असतो तरी ही तऱ्हा. हा तर दिवसभर खडबडीत रस्त्यावर हादरे खाणार, चौकट एक सूत जरी तिरकी झाली तरी संध्याकाळी उघडणार नाही. त्या माणसाने हे १९१६ मध्ये लाकडी चाकांच्या गाडीवर करून विकलं, त्याला माझा मनापासून नमस्कार.

जुनं_पान
@सुतारपक्षी, असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो. 🙏

आडवाटेने
एक दुरुस्ती सुचवतो. ब्रेटव्हिलचं सरकतं होतं तसं बाकीच्यांचंही होतं की. मिशिगनच्या बे सिटीची झागेलमायर कंपनी, त्यांची 'कॅम्पर-कार' १९२० च्या दशकातली, ट्रकच्या नाहीतर फोर्डच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर. बाजू उघडल्या की दोन्हीकडे पलंग. आणि सेंट लुइसची 'लॅमस्टीड कॅम्पकार', तीही फोर्डच्या चॅसीवर, ती बनवायची कोण तर ॲनहायझर-बुश! बडवायझर बिअरवाले. १९२० ला दारूबंदी लागली, कारखाना आणि कामगार रिकामे, मग गाड्यांच्या बॉड्या करा. म्हणजे कल्पना १९१६ नंतर मेली नाही, चांगली दहा वर्षं जोरात होती.

गिअरबदल
@आडवाटेने, नाही पटलं. झागेलमायर आणि लॅमस्टीड हे उलगडणारे आहेत, सरकणारे नाहीत. बाजू बिजागरीवर खाली पडते, वर कापडी कनात. सरकणाऱ्यात अख्खी पेटी, तळ, भिंती, छप्पर सगळं एकत्र बाहेर येतं. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आडवाटेने
झोपणाऱ्याला काय फरक पडतो?

सुतारपक्षी
फरक पडतो हो. उलगडणारी म्हणजे वडापावच्या टपरीची फळी, साखळीवर खाली सोडली की काउंटर. सरकणारी म्हणजे कपाटाचा खण. फळीला बिजागरी आणि साखळी पुरते, फुगली तरी चालते, तिरकी झाली तरी चालते. खणाला माप लागतं. फळी गावातला कुठलाही सुतार करेल. मला वाटतं धाग्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, स्वस्त आणि न अडकणारी गोष्ट जिंकली.

आडवाटेने
हे मान्य. फळी आणि खण, लक्षात राहील.

निळी_छत्री
आम्ही तीन वर्षांपूर्वी साउथ डकोटात भाड्याने आरव्ही घेतली होती, तीस फुटी, एक स्लाइड-आउट. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं तर ते आत यायलाच तयार नाही. अर्धं आत अर्धं बाहेर, आणि मोटार नुसती गुरगुरतेय. भाड्याने देणाऱ्यांना फोन केला तर त्यांनी आधी पंचवीस मिनिटं थांबवलं आणि मग सांगितलं मॅन्युअल बघा. वर पाऊस सुरू. माझे सासरे ७२ वर्षांचे, आयुष्यभर एसटीत मेकॅनिक, ते गुडघ्यावर खाली वाकले, बॅटरी धरायला मुलाला बोलावलं, आणि खालच्या दांड्याला पाना लावून हाताने फिरवत फिरवत दीड तासात आत घेतलं. रुळात एक पाइन कोन अडकला होता, एवढासा, लिंबाएवढा.

तेव्हा सासरे म्हणाले होते, "मोटार लावली म्हणून खण खण राहात नाही असं थोडीच आहे." आज सुतारपक्षी यांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, खूश झाले. ते विचारतायत टी-चं हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचे?

गिअरबदल
@निळी_छत्री, काकांना माझा नमस्कार सांगा, त्यांना उत्तर माहीतच असणार! अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीत आवळायचा नाही. आणि आधी स्टिअरिंगखालची स्पार्कची दांडी मागे घ्यायची, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट जातं. डाव्या हाताने खालून वर ओढायचं. इलेक्ट्रिक स्टार्टर टी-ला १९१९ मध्ये आला, तोपर्यंत रोज हेच.

निळी_छत्री
ते हसले आणि म्हणाले "बेडफर्डलाही तेच." पुणे-नगर पहिली एसटी, १ जून १९४८, ती बेडफर्डच होती असंही सांगायला सांगितलंय.

मधली_सुट्टी
काका ग्रेट आहेत. त्यांचा वेगळा धागा काढा.

जुनं_पान
अवांतर पण सांगतो. टी-वरच्या या छोट्या पेटीच्या आगेमागेच श्रीमंतांचं काय चाललं होतं बघा. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरोने 'टुरिंग लँडॉ' मांडली, मागची सीट उलगडून पलंग, ड्रायव्हरच्या पाठीला घडीचं बेसिन, आणि ड्रायव्हरशी बोलायला फोन. १९१५ मध्ये लाँग आयलंडच्या हंटिंग्टनहून रोलँड काँक्लिन कुटुंब 'जिप्सी व्हॅन' घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. पंचवीस फूट, आठ टन, स्वतःचा वीज जनित्र, ग्रामोफोन, लपवलेलं पुस्तकांचं कपाट, आणि टपावर बाग!

म्हणजे आठ टनांवाले आणि १०० डॉलरवाले साधारण एकाच वेळी सॅन फ्रान्सिस्कोत. मला जिव्हाळा वाटतो तो दुसऱ्याचा. काँक्लिनना जागा कमी नव्हतीच. ज्याच्याकडे एवढीशी गाडी आहे आणि बायको-मुलांना डोंगर दाखवायचाय त्याने खण शोधून काढला.

आडवाटेने
त्याच संग्रहालयात अभिनेत्री मे वेस्टची १९३१ ची शेवरले पण आहे ना? पॅरामाउंट स्टुडिओने तिला हॉलिवूडला यावं म्हणून दिलेली.

लांबचा_रस्ता
आहे! आणि १९१३ चा अर्ल ट्रेलरही आहे, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या तंत्रसंस्थेच्या एका प्राध्यापकासाठी केलेला, टी-नेच ओढायचा. यातल्या बऱ्याच जुन्या गाड्या डेव्हिड वुडवर्थ नावाच्या संग्राहकाने जपून ठेवल्या होत्या म्हणून आज बघायला मिळतात. त्यांच्यासारखी माणसं नसती तर ही पेटी कधीच कुणाच्या तरी चुलीत गेली असती, लाकूडच ते.

पाचफुटी
आपल्याकडे का नाही झालं हे? मुंबईत तर फोर्ड होती.

जुनं_पान
@पाचफुटी, फोर्डची मुंबईतली कंपनी १९२६ ची, जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ ला सुरू केलं. पण तोपर्यंत टी-चे दिवस संपत आले होते, १९२७ ला उत्पादन थांबलंच, दीड कोटीच्या वर गाड्या करून. आणि आपल्याकडे गाडी असणाऱ्याला रात्री कुठे झोपायचं हा प्रश्नच नव्हता. साहेबाला डाक बंगला, बाकीच्यांना धर्मशाळा.

चुलीवरचं
आणि सगळ्यांना मामा. प्रत्येक गावात कुणाचा तरी मामा असतो, तो जेवल्याशिवाय आणि झोपल्याशिवाय सोडत नाही.

घाटमाथा
मामा +१. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं तेव्हा आमच्याकडेही हीच चर्चा झाली, गाडीत झोपलो तर मामाला काय सांगायचं.

लांबचा_रस्ता
😄 मंडळी, मामा मान्य, पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. १९१६ ते १९९०. सुतारपक्षी म्हणतात फळी स्वस्त म्हणून जिंकली, गिअरबदल म्हणतात वजन. पण १९५० मध्ये तर इंजिनं दणकट झाली होती आणि लोखंडी रूळही मिळत होते. तेव्हा का नाही?

आडवाटेने
मी म्हणेन घर आणि गाडी वेगळी झाली हे कारण. विचार करा, पेटी गाडीच्या पाठीवर आहे. सकाळी दूध आणायला गावात जायचं तर अख्खं घर आवरून खण आत ढकलून निघा. ट्रेलर असेल तर तो झाडाखाली सोडून नुसती गाडी घेऊन जा. १९१९ मध्ये फ्लोरिडात टँपाला 'टिन कॅन टुरिस्ट' मंडळ निघालं, रेडिएटरच्या टोपणाला पत्र्याचा डबा लावून फिरायचे, आधी तंबू, मग हळूहळू ट्रेलर. गावोगावी मोटारवाल्यांसाठी तळ उघडले, त्यांच्या कॅबिन झाल्या, आणि १९२५ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात सान लुइस ओबिस्पोला पहिलं मोटेल. झोपायला पलंग मिळतोय म्हटल्यावर पाठीवर कोण वाहून नेणार?

सरकती खोली पूर्ण गेली नव्हती पण. पन्नास-साठच्या दशकातल्या मोबाइल होममध्ये बाहेर काढायच्या खोल्या होत्या. पण ती घरं एकदा नेऊन ठेवायची, रोज उघडायची-मिटायची नाहीत.

गिअरबदल
आडवाटेने यांचं दूध आणायचं उदाहरण माझ्या सगळ्या हिशोबापेक्षा भारी आहे. मी माझं मत बदलतो. वजनाने त्रास दिला असणार, पण त्याने मारलं नाही.

मधली_सुट्टी
या धाग्यावर कुणीतरी मत बदललं! तारीख नोंदवून ठेवा.

निळी_छत्री
सासऱ्यांचं म्हणणं लिहिते, त्यांनी दोन दिवस विचार केलाय. ते म्हणतात, "खण माणूस कधी करतो? खोली वाढवता येत नाही तेव्हा." लग्नानंतर ते लालबागला चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात जण राहायचे. पलंगाखाली दुसरा पलंग, चाकांचा, रात्री ओढायचा, सकाळी आत. वर पोटमाळा. नंतर ठाण्याला दोन खोल्या झाल्या तेव्हा तो चाकांचा पलंग कुणाला तरी देऊन टाकला, कारण गरजच उरली नाही. "तो पलंग वाईट होता म्हणून नाही दिला," असं मुद्दाम सांगितलंय.

लांबचा_रस्ता
@निळी_छत्री, काकांना म्हणावं तुम्ही उत्तर दिलंत. मला एकदम जुळलं सगळं.

१९१६ ला गाडीच एवढीशी होती, वाढवता येत नव्हती, म्हणून खण. मग ट्रेलर आले, बसच्या आकाराच्या गाड्या आल्या, जागा कमी पडली की लांबी वाढवा. वीस फुटाची पंचवीस, पंचवीसची तीस, पुढे चाळीस. खोली वाढतेय तोवर खण कुणाला हवाय. आणि मग लांबीही संपली, आणि रुंदी तर कायद्याने बांधलेली, रस्त्यावर आठ-साडेआठ फुटांच्या वर जाता येत नाही. पण तो नियम चालत्या गाडीला! उभ्या गाडीला रुंदीचं बंधन नाही. म्हणून १९९० ला परत खण, या वेळी मागे न सरकता बाजूला. दोन्ही वेळेला भिंतीला टेकल्यावरच सुचलंय. लालबागला सुचलं तसंच.

आता परत एकदा त्या पेटीसमोर जाऊन उभं राहावंसं वाटतंय.

सुतारपक्षी
काकांचं वाक्य वर्कशॉपमध्ये लिहून लावणार आहे.

काहीतरी माप धरून मीही एक उद्योग केला. उरलेल्या सहा एमएम प्लायची छोटी पेटी केली, आत दुसरी, तळाला सागाच्या दोन पट्ट्या, मेण घासलेलं. अर्धी बाहेर काढली तर लोण्यासारखी सरकते. दोन तृतीयांशाच्या पुढे ओढली की मागची कड वर जाऊन टेकते आणि तिरकी होते, वर लिहिलं होतं तसंच. मग पुढच्या बाजूला बिजागरीचे दोन पाय लावले, खण बाहेर आला की आपोआप खाली पडतात. आता पूर्ण बाहेर काढून वर विटकर ठेवली तरी हलत नाही. म्हणजे होतं हे काम, नीट होतं.

पाचफुटी
फोटो टाका!

सुतारपक्षी
टाकतो, पण आज नाही. मुलीने त्यात तिची बाहुली झोपवली आहे आणि खण बंद करू देत नाहीये.